भरतीपुरता दोर

आजोबांची होडी द्यायची ठरलं तेव्हा घरात कामं वाटली गेली आणि फोनवर बोलायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर मला इंग्रजी येतं आणि फोटो मी चांगले काढते. अनोळखी नंबर आला की मी तो वाजू देते, थांबला की मग 'कोण बोलतंय?' असा मेसेज टाकते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तरीही.

फोटो काढायला मी रविवारी गावी गेले. आमचं गाव महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीला लागून. आईबाबा आणि मी महाडमध्ये राहतो. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर जातात, मी तिथल्याच दुसऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गावी आजी-आजोबा दोघंच. मी पोचले तेव्हा ओहोटी होती आणि होडी धक्क्याच्या बाजूला चिखलात कुशीवर पडली होती, जेवून झोपलेल्या म्हशीसारखी. मी म्हटलं, भरती येऊ दे, पाण्यात छान दिसेल.

"नको," आजोबा म्हणाले. "घेनाऱ्याला तळ दिसू दे. पान्यावर काय, सगळ्याच होड्या चांगल्या दिसतात."

मग त्यांनी मला तळाच्या फळीवरचं ठिगळ दाखवलं आणि त्याचाही फोटो काढायला लावला. नाळेजवळचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळचा चिरलेला भाग, काथ्या भरून डांबर लावलेल्या जागा, एका वल्ह्याची झिजलेली मूठ, सगळ्याचे. जाहिरातीत टाकायला माझ्याकडे अखेर आले ते फक्त होडीतल्या खोडींचे फोटो. मी त्यांना न विचारता एक लांबूनचाही काढून ठेवला. त्यात होडीपेक्षा आजोबाच जास्त आले होते.

त्यांची अट एकच होती. होडी फोडायची नाही. ती कोणालाही जाऊ दे, कुठेही जाऊ दे, पण तिच्या फळ्या कोणाच्या चुलीत जायच्या नाहीत की कोणाच्या दाराच्या चौकटीला लागायच्या नाहीत.

होडी द्यायचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी तर विषयही काढला नसता. झालं असं की पावसाळ्यानंतर एकदा आजोबा पलीकडच्या शेतातून पेंढा घेऊन परत येत होते. उजवा खांदा त्यांना आधीच दोन वर्षं त्रास देत होता आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. खाडीच्या मध्यावर त्यांनी हात थांबवले, जरा दम खाऊ म्हणून. तेवढ्यात पाणी उतरलं आणि होडी चिखलाच्या उंचवट्यावर बसली. आयुष्यभर भरती-ओहोटी तिथीवरून सांगणारा माणूस, ज्याला विचारून लोक कोळंबीला जायची वेळ ठरवतात, तो भर खाडीत चिखलात रुतून बसला. गावातली पोरं फायबरच्या होडीतून जात होती. त्यांनी ओरडून विचारलं, "आबा, ओढू काय?"

"नको नको. बसलोय जरा," आजोबा म्हणाले.

पोरांनी ते अजून सोडलेलं नाही. कोणीही कुठेही अडकला, एसटी घाटात बंद पडली, मोटरसायकल चिखलात फसली, की आमच्या गावात म्हणतात, "बसलोय जरा." त्या दिवशी आजी धक्क्यावर येऊन उभी राहिली आणि तिथून हाक मारली, "अवो, जेवायला येताय, का ताट तिथं धाडू?" ते भरतीबरोबर परतले, अंधार पडायच्या जरा आधी. हातपाय धुतले, जेवले आणि हात पुसत म्हणाले, "होडी द्यायला पायजे आता."

आजी काही बोलली नाही. हे मात्र गावात कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

आजी त्या होडीला सवत म्हणते. आजी मूळची पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली, कुडपणच्या बाजूची. लग्न होईपर्यंत तिने होडी पाहिली नव्हती. वरात पलीकडून होडीतून आली, आणि आजी खाडी ओलांडेपर्यंत डोळे मिटून बसली होती. तिच्या मते हे चांगलं झालं, कारण डोळे उघडे असते तर ती तिथूनच परत गेली असती. तेव्हाची होडी वेगळी होती, पणजोबांची. आताची आजोबांनी बाबांच्या जन्माच्या वर्षी बांधून घेतली. आजी म्हणायची, "मी पोर आनलं, ह्यांनी सवत आनली." आणि मग त्याच सवतीला नारळी पौर्णिमेला हळदकुंकू लावायला सगळ्यांच्या आधी जायची.

आम्ही मच्छीमार नाही. आमची भातशेती पलीकडच्या काठावर आहे, म्हणून होडी. पण पलीकडे ज्यांची शेतं होती, पलीकडे ज्यांच्या मुली दिल्या होत्या, त्या सगळ्यांना हीच होडी. गावातल्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत अशी रीत होती. सुगी झाली की प्रत्येक घरातून भात यायचं, कोणी पायली, कोणी पासरी, ज्याला जसं पिकलं तसं. नवरी नेली तर नारळ. पलीकडून कोणी तोंडाभोवती हात धरून "तारी होऽऽ" अशी हाक मारली की आजोबा हातातलं काम टाकून उठत. खाडीवर पूल झाला आणि हाका थांबल्या. तरी संध्याकाळी ओटीवर बसलेले असताना मधेच ते मान वाकडी करून पलीकडे कान देतात, हे मी पाहिलंय. त्यांना वाटतं कोणाच्या लक्षात येत नाही.

मी लहानपणी सुट्टीत गावी असायचे तेव्हा रोज होडीत बसायचे. मी महाडच्या इंग्रजी शाळेत होते. शाळेत मराठी बोललं तर बाई रागवायच्या, गावात इंग्रजी शब्द तोंडून गेला तर मुली हसायच्या, त्यामुळे मी दोन्हीकडे शक्यतो गप्प राहायचे. होडीत ते चालायचं. मी नाळेपाशी पुढे तोंड करून बसायचे, आजोबा मागे वल्हं घेऊन. त्यामुळे आम्हाला एकमेकांकडे बघायला लागायचं नाही. आमचं जे काही बोलणं झालंय ते सगळं माझ्या पाठीमागून झालंय. त्यांनी विचारायचं, मी पाण्याकडे बघत उत्तर द्यायचं. नववीत गणितात नापास झाले ते मी सगळ्यात आधी तिथे सांगितलं. मागे वल्ह्याचा आवाज दोनदा झाला आणि मग ते म्हणाले, "मगर बघ, काठावर. तोंड उघडं टाकून पडलीय." विषय संपला. घरी आईला त्यांनीच सांगितलं, आणि कसं सांगितलं कोण जाणे, आई रागवली नाही.

होडी खुंट्याला बांधायला मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे गाठ नाही, गाठ कोणालाही येते. दोर किती सोडायचा ते. ओहोटीला होडी खुंट्याच्या कितीतरी खाली असते, भरतीला ती खुंट्याच्या बरोबरीने येते. आज पाणी किती चढणार, उधाणाचं आहे की अष्टमीच्या आसपासचं, कमी चढणारं भांगाचं, ते डोक्यात धरून दोर ढिला ठेवायचा. फार ढिला ठेवला तर होडी दुसऱ्यांच्या होड्यांवर आपटते. आवळून बांधला तर?

"तर पानी वर येतं नि होडी खाली र्‍हाते," आजोबा म्हणाले होते. "जागच्या जागी बुडते, गो बाय. पळून गेलेली होडी परत गावते. बांधून बुडवलेली नाय."

हे बोलणं नव्हतं नुसतं. पुराच्या वर्षी महाडमध्ये आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं आणि गावात ते धक्का ओलांडून अंगणात आलं होतं. होडी पावसाळ्यासाठी वर ओढून, माडाच्या झापांनी शाकारून ठेवलेली. पावसाळ्यात कोरड्यावर ठेवलेली होडी कोण कशाला ढिली बांधेल? आजोबांनी माडाला लांब दोर सोडून बांधली होती. शेजाऱ्यांच्या दोन होड्या गेल्या, आमची झापांसकट तरंगली आणि पाणी उतरल्यावर गोठ्याच्या दारात येऊन बसली. आजी म्हणाली, "शेवटी आलीच घरात."

तर, फोन.

पहिले काही दिवस जे मेसेज आले त्यात कोणी विचारलं इंजिन आहे का, कोणी विचारलं फायबर आहे का, एकाने तर लाकूड सागाचं आहे का आणि फळ्या किती रुंद आहेत ते विचारलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. खाडीवर लाकडी होडी आता कोणालाच नको होती. दरवर्षी काथ्या, दरवर्षी डांबर, पावसाळ्यात वर ओढायला माणसं. आजोबा रविवारी विचारायचे, "कोन बोललं काय?" आणि मी "बघतायत" म्हणायचे.

मग एक फोन आला, आणि वाजायचा थांबून पुन्हा आला, तेव्हा मी घेतला. माणूस पोलादपूरचा होता, म्हणजे मूळ उमरठकडचा, मुंबईत पंचवीसेक वर्षं हॉटेलात काढून परत आलेला. पोलादपूरच्या पुढे, घाट लागायच्या आधी त्याने राहायच्या खोल्या आणि लॉन केलं होतं. त्याला होडी लॉनवर ठेवायला हवी होती.

"मॅडम, एकदम ओरिजिनल पाहिजे मला. गेस्ट लोक फोटो काढतात ना. तुमचं ते ठिगळ-बिगळ एकदम सही आहे."

मी आजोबांना सांगताना ठिगळाचं आधी सांगितलं. लॉनचं नंतर.

आजोबांनी बराच वेळ सुपारी कातरली. "पानी नाय तिथं?"

"नाही. गवत आहे."

"वाळेल," ते म्हणाले. लाकडी होडी पाण्याबाहेर फार दिवस राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. उन्हाळ्यात जास्त दिवस काढायची असली तर ते तिला मुद्दाम पाण्याने भरून ठेवायचे. "पन फोडनार नाय ना?"

"फोडणार नाही. मी विचारलंय."

आतून आजी म्हणाली, "म्हंजे सवत माझ्या माहेराला निघाली काय?" आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आजोबाही हसले. तेव्हा ठरलं.

गावाबाहेर जाणाऱ्या होडीची घरच्या बाईने ओटी भरायची असते. लेकीची भरतात तशीच. खण, तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. मग नवा मालक होडी घेऊन जातो आणि जुन्या मालकाने वळणापलीकडे गेली की मागे फिरायचं. बरोबर जायचं नसतं. पण आतापर्यंत ज्या होड्या गेल्या त्या पाण्याने गेल्या होत्या. ही टेम्पोतून चालली होती. गावातली माणसं जमली, खाली बांबू घालून तिला ओढत रस्त्यापर्यंत आणली. पोरांनी ओरडायला सुरुवात केली आणि होडी टेम्पोच्या फळक्याला अडकून थांबली तेव्हा कोणीतरी म्हणालंच, "बसलोय जरा." आजोबांनी त्या दिशेला बघितलंसुद्धा नाही, पण त्यांचे कान हलले.

आजीने ओटी भरली. नाळेत तांदूळ टाकताना तिने हळूच काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. टेम्पो सुरू झाला. आजोबा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून वर चढायला लागले.

"अवो! तुमी काय पाठराखीन म्हनून चाललाव?" आजी म्हणाली. "बाप जातो का कुठं?"

"तिला उतरवनार कोन? त्यांना ठावं हाय काय कुठं धरायचं ते?"

"मंग हिला न्या. पाठराखीन ही जाईल."

म्हणून आजोबांबरोबर मीही गेले. कारखान्यात अर्ध्या दिवसाची सुट्टी सांगितली होती, पण कारण 'घरगुती' एवढंच दिलं होतं. बायोडेटात 'पाठराखीण, होडी' असं लिहायला जागा नाही.

महामार्गावर लोक बघत होते. एका मोटरसायकलवाल्याने ओरडून विचारलं, "कुठं चालली दर्यात?" आणि ड्रायव्हर म्हणाला, "महाबळेश्वरला!" आजोबा मागच्या काचेतून होडीकडे बघत बसले होते. वळण आलं की त्यांचा डावा हात नकळत सुकाणू धरल्यासारखा कलायचा.

लॉन खरोखरच चांगलं होतं. एका बाजूला जांभळाचं झाड, समोर डोंगर. उतरवताना आजोबा चार माणसांवर असे ओरडले की मालक मागे सरून उभा राहिला. होडी जागेवर बसली, दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू लावले. मग आजोबांनी दोर उलगडला, जांभळाच्या खोडाला एक वेढा घातला, खोडाकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, मान वर करून जरा विचार केला आणि गाठ मारली. मधला दोर गवतावर ऐसपैस पडून राहिला. उधाणाच्या भरतीला पुरेल एवढा.

मी ते पाहिलं. मालकाने पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी जांभळाकडे बघायला लागले.

"काका, पळून नाय जाणार ती," मालक हसून म्हणाला.

"बांधलेली असावी," आजोबा म्हणाले.

तिथे झाडांना पाणी घालायला जवळच्या वाडीतली एक बाई होती. आजोबा निघता निघता तिच्याजवळ गेले. "बाय, आत पानी मारीत जा रोज. बादलीभर तरी."

"कशाला? झाड हाय काय ते?"

"झाडच व्हतं," आजोबा म्हणाले.

तिला ते पटलं असावं. ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर आजोबा धक्क्यावर जायचे थांबतील, असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. भरतीच्या वेळेला जायचे, रिकाम्या खुंट्याजवळ बसायचे, कोणाची होडी आवळून बांधलेली दिसली की दोर सैल करायचे. त्या पोरांची फायबरची सुद्धा. रविवारी मी गेले की विचारायचे, "फोन आला व्हता?"

"कोणाचा?"

"तिथला."

लेक सासरी दिलेल्या माणसासारखे विचारायचे, जरा बेफिकिरीने, दुसरीकडे बघत. मी मालकाला मेसेज केला आणि फोटो मागवले. त्याने उत्साहाने पाठवले. होडीत बसलेलं नवं जोडपं. होडीत वाढदिवस, फुगे, केक. आजोबांनी फोन डोळ्याजवळ धरला.

"हे फुगे बाजूला कर."

"आजोबा, फोटो आहे तो."

"मंग मोठं कर. हितं. ही फळी." आणि मग, "फट पडली बघ."

एका संध्याकाळी मालकाचा फोन आला. मी पहिल्या खेपेलाच घेतला. "मॅडम, एक बोलायचं होतं. रागवू नका. ती रस्सी. काल एक गेस्ट अडकून पडले त्यात. लागलं नाय काय, पण लहान पोरं असतात. थोडी शॉर्ट करू का? काकांनी बांधलीये म्हणून मी कोणाला हात नाय लावू दिला."

त्याने विचारलं हे मला फार आवडलं. मी "विचारून सांगते" म्हटलं. आणि विचारलं नाही. दोर कापायचा का हे विचारायचं म्हणजे आधी हे सांगायचं की तिथे पाणी चढत नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि दुसऱ्याने तोंडावर सांगणं वेगळं. गाठ मारताना त्यांनी मान वर करून जो विचार केला होता तो मला आठवायचा. मी मालकाला लिहिलं, 'आम्ही लवकरच येतोय, तोवर जरा सांभाळा.' त्याने अंगठा पाठवला.

येणं झालं ते उन्हाळ्यात. आजीच्या भावाच्या नातीचा साखरपुडा होता, वर डोंगरात. बाबांनी गाडी काढली. जाताना उशीर झाला होता म्हणून थांबलो नाही, पण लॉन मागे गेलं तेव्हा आजोबांनी मान वळवली आणि बराच वेळ परत आणली नाही. परत येताना पोलादपूरच्या अलीकडे आजीच म्हणाली, "थांबव रे गाडी. सवतीला बघू दे जरा. ओटी मी भरलीय, माझा हक्क हाय."

मालक बाहेर गेला होता. पाणी घालणारी बाई होती. तिने आजोबांना ओळखलं. "बाबा, रोज घालतेय हां पानी. पन र्‍हात नाय आत. सगळं खालून जातं."

ते दिसतच होतं. फळ्या आकसून सांध्यांतून उजेड येत होता. पण आतून झिरपलेल्या पाण्याने होडीच्या भोवतीचं गवत हिरवंगार माजलं होतं. बाकीचं लॉन उन्हाने पिवळं पडलेलं आणि होडीच्या आकाराचं तेवढं हिरवं. जास्तीचा दोर त्या बाईने गुंडाळून जांभळाच्या फांदीवर ठेवला होता, कोणी अडकू नये म्हणून. गाठ तशीच होती.

आजोबांनी होडीला हात लावला, सांध्यातून नख फिरवलं. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, चिडतील. ते पाय वर टाकून आत चढले आणि मागे, आपल्या जागेवर बसले. आजी म्हणाली, "घ्या. झालं." आणि बाबांबरोबर सावलीत जाऊन बसली.

मी थोडा वेळ उभी राहिले. मग नाळेपाशी जाऊन बसले, पुढे तोंड करून. समोर डोंगर होता. नाळेच्या कोपऱ्यात ओटीच्या तांदळाचे दोन दाणे फटीत अडकून राहिले होते.

मग मागून आवाज आला.

"कोन पडलं व्हतं काय दोरात?"

मी पुढेच बघत राहिले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगायला पायजे? उगाच फांदीवर टाकतात काय दोर?"

"एक पाहुणे पडले. लागलं नाही. मालक विचारत होता, आखूड करू का."

"कवा?"

"झाले बरेच दिवस."

वल्ह्याचा आवाज यायला वल्हं नव्हतं. ते घरी गोठ्याच्या भिंतीला उभं आहे.

"हितं पानी चढत नाय," आजोबा म्हणाले.

"नाही."

"मंग कशाला एवढा."

ते उतरले. बाईकडून कोयता मागून घेतला. मी हात पुढे केला, मला दोर कापू दिला नाही, बाबा पुढे आले त्यांनाही नाही. स्वतः मोजून, गाठीपुरता आणि वर हातभर ठेवून, त्यांनी दोर कापला आणि होडीकडे उरलेल्या टोकाने ती जांभळाला बांधली. आवळून. गाठ ओढताना दुखऱ्या खांद्यामुळे त्यांचं तोंड जरा वाकडं झालं. मग त्यांनी होडीवर दोन थापा मारल्या, बैल बांधून झाल्यावर मारतात तशा, आणि बाईला म्हणाले, "पानी नको घालूस आता, बाय. गवताला घाल."

"मी घालीन," ती म्हणाली. "बादली हातातच असते."

गाडीत कापून काढलेला दोर आजोबांच्या मांडीवर होता. महाड येईपर्यंत ते झोपून गेले, तोंड उघडं टाकून. आजीने त्यांच्या मांडीवरून दोर उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी आरशात पाहिलं, पण मागे वळले नाही.

आता तो दोर गावच्या अंगणात दोन माडांना बांधलाय, कपडे वाळत घालायला. आजोबांनीच बांधला. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा आजी तिथे कमरेवर हात ठेवून उभी होती. दोर मधोमध असा झोळ खाऊन लोंबत होता की तिच्या धुतलेल्या लुगड्याचा काठ मातीत टेकला होता.

"अवो," ती ओटीकडे तोंड करून ओरडली, "अंगनात भरती येनार हाय का?"

ओटीवर आजोबा सुपारी कातरत बसले होते. "सांगता येत नाय," ते म्हणाले. "आलीय मागं एकदा."